पाकिटातले पाकीट

बदली म्हणजे काय हे शिक्षकांना सांगावे लागत नाही. आदेश हातात पडतो, सामान टेंपोत चढते आणि नव्या गावात संसार मांडला जातो. पुढे कित्येक महिने पत्रे मात्र जुन्या पत्त्यावर येत राहतात. बँक, विमा, भविष्य निर्वाह निधी, नातेवाईक, प्रत्येकाला नवा पत्ता कळवावा लागतो. माणूस तोच असतो, बदललेली असते फक्त जागा. पण पत्ता बदलला की जगाच्या दृष्टीने आपण काही काळ हरवलेलेच असतो.

आता कल्पना करा, एक बाई फोनवर बोलत आहेत आणि बोलता बोलताच त्यांची बदली झाली. वाक्याचा पूर्वार्ध त्या साताऱ्यात बोलल्या आणि उत्तरार्ध नागपुरात. फोन तुटला नाही, क्रमांक बदलला नाही, पलीकडच्या माणसाला काही कळलेही नाही. माणसांच्या बाबतीत ही परीकथा झाली. संगणकांच्या बाबतीत मात्र असे रोज घडते. एखादा संगणक काम चालू असतानाच एका यंत्रावरून उचलून दुसऱ्या यंत्रावर ठेवला जातो आणि त्याच्याशी संवाद साधणाऱ्या हजारो लोकांना त्याचा पत्ताही लागत नाही.

हे कसे साधते, ते या लेखात पाहू. त्यामागची युक्ती टपालखात्याला फार पूर्वीपासून ठाऊक आहे.

उचलून नेता येणारा संगणक

संगणक म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पेटी, पडदा आणि कळफलक येतो. पण संगणकाचे जे चालू काम असते, म्हणजे त्याच्या स्मृतीतली माहिती, चाललेले प्रोग्राम, तबकडीवरच्या फायली, ते सगळे शेवटी आकड्यांच्या रूपातच असते. मग एका दणकट यंत्रात असा प्रोग्राम चालवला, की जो स्वतःच संगणकाचे सोंग हुबेहूब वठवतो, तर? त्या सोंगाच्या आत चालणाऱ्या प्रोग्रामांना आपण खऱ्या यंत्रावर आहोत असेच वाटते. अशा सोंगाला आभासी संगणक म्हणतात आणि ज्या खऱ्या यंत्रावर तो वस्तीला असतो त्याला यजमान संगणक. एका यजमानावर वीस-तीस आभासी संगणक सुखाने नांदू शकतात.

ही कल्पना नवी नाही. आयबीएम कंपनीने १९६० च्या दशकात, एकच महागडे यंत्र अनेकांना वापरता यावे म्हणून, ती प्रत्यक्षात आणली आणि १९७२ साली व्हीएम/३७० या नावाने बाजारात आणली. साध्या, स्वस्त यंत्रांवर ती १९९९ नंतर रुळली. कारण उघड होते. कार्यालयातला एकेक संगणक दिवसाचा बराच वेळ रिकामा बसलेला असतो, पण वीज खातच राहतो. दहा रिकामटेकडी यंत्रे ठेवण्यापेक्षा एकाच यंत्रावर दहा आभासी संगणक ठेवणे परवडते.

आभासी संगणक आकड्यांचा असल्यामुळे त्याची नक्कल दुसऱ्या यजमानाकडे पाठवता येते. चालू संगणकाची स्मृती आधी एकदा पूर्ण पाठवायची. ती पाठवत असताना जो भाग बदलला तेवढाच पुन्हा पाठवायचा. असे करत करत फरक अगदी थोडा उरला, की क्षणभर थांबवून तेवढा पोचवायचा आणि नव्या यजमानावर काम सुरू करायचे. हा थांबा किती लहान असू शकतो? २००५ साली केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी चालू असलेल्या एका संगणकीय खेळाचा सर्व्हर असा हलवून दाखवला. खेळ थांबला तो सुमारे ६० मिलिसेकंद, म्हणजे पापणी लवायला लागणाऱ्या वेळापेक्षाही कमी.

यंत्र हलले. आता प्रश्न उरतो पत्त्याचा.

पत्ता सांगतो कोण, की कुठे?

आपला पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासून वापरात आहे. केंद्रीय दळणवळण मंत्रालयात त्या वेळी काम करणारे संस्कृतचे विद्वान श्रीराम भिकाजी वेलणकर हे त्याचे जनक. सहा आकड्यांतला पहिला आकडा विभाग सांगतो. ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड. पहिले तीन मिळून टपालाची छाननी करणारा जिल्हा ठरतो आणि शेवटचे तीन टपाल कार्यालय सांगतात. दिल्लीत पत्र वेगळे करणाऱ्याला तुमची आळी माहीत असण्याची गरज नाही. त्याने पहिले आकडे पाहायचे आणि पत्र योग्य दिशेला लावायचे.

संगणकांच्या जाळ्यातला आयपी पत्ता तसाच आहे. त्याचा पुढचा भाग कोणते जाळे ते सांगतो, मागचा भाग त्या जाळ्यातला कोणता संगणक ते सांगतो. वाटेतली यंत्रे, ज्यांना राउटर म्हणतात, ती पुढचा भाग पाहून पाकीट पुढे ढकलतात. जगभरच्या जाळ्याचा डोलारा या एका सोयीवर उभा आहे.

अडचणही तिथेच आहे. जगाच्या दृष्टीने हा पत्ता संगणकाचे नावही आहे. दोन संगणकांमधले चालू संभाषण दोन्ही टोकांच्या पत्त्यांवरून ओळखले जाते. एका टोकाचा पत्ता बदलला की संभाषण तुटते. म्हणजे एकच आकडा दोन प्रश्नांची उत्तरे देतो: तू कोण, आणि तू कुठे? जोवर कोणी जागा सोडत नाही तोवर हे चालून जाते. जागा सोडली की दोन उत्तरांची फारकत होते आणि गोंधळ सुरू होतो.

एकच मोठा वर्ग का नको?

सहज सुचणारा उपाय असा: सगळे यजमान एकाच जाळ्यात ठेवायचे, म्हणजे आभासी संगणक कुठेही गेला तरी जाळे तेच, पत्ताही तोच. इथरनेट नावाचे जाळे असे चालते. त्यात प्रत्येक जोडणीला ४८ बिटांचा मॅक पत्ता असतो आणि ‘अमुक आयपी पत्ता कोणाचा रे?’ अशी हाक सगळ्यांना ऐकू जाईल अशी मारली जाते. ज्याचा असेल तो ओ देतो.

चाळीस मुलांच्या वर्गात ही पद्धत उत्तम. पण सगळ्या तालुक्याची मुले एका मैदानावर बसवून हजेरी घेतली तर? हाकांचाच गलका होईल. शिवाय इथरनेटच्या पाकिटावर ‘इतक्या टप्प्यांनंतर मला फेकून द्या’ अशी सूचना नसते. तारांमध्ये चुकून एखादे वर्तुळ तयार झाले तर हाक त्या वर्तुळात फिरतच राहते आणि काही क्षणांत जाळे गुदमरते. यावर राडिया पर्लमन यांनी १९८५ साली एक सुंदर उपाय शोधला. जाळ्यातल्या जादा वाटा बंद ठेवायच्या, म्हणजे वर्तुळ उरतच नाही. उरतो तो फांद्या फुटलेला वृक्ष. उपाय चोख आहे, पण पैसे खर्चून टाकलेल्या तारा त्यामुळे रिकाम्या पडून राहतात.

मोठ्या वर्गाच्या तुकड्या पाडण्याचीही सोय झाली. १९९८ च्या एका प्रमाणानुसार पाकिटावर १२ बिटांचा तुकडी क्रमांक लिहिता येतो. १२ बिटांत २ चा १२ वा घात, म्हणजे ४,०९६ क्रमांक मावतात. त्यांतले दोन राखीव, उरले ४,०९४. एका महाविद्यालयाला हे पुरून उरतील. पण हजारो गिऱ्हाइकांना आभासी संगणक भाड्याने देणाऱ्या केंद्राला, जिथे प्रत्येक गिऱ्हाईक आपल्यासाठी चार-पाच तुकड्या मागते, तिथे ते पाहता पाहता संपतात.

आणखी एक पेच आहे. १९९६ साली काही आयपी पत्ते खाजगी वापरासाठी मोकळे ठेवण्यात आले. १० ने किंवा १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते त्यांतलेच; घरच्या वायफायच्या डबीत ते तुम्ही पाहिले असतील. ते कोणीही आपल्या कुंपणाच्या आत वापरावेत. ‘मारुतीच्या देवळामागे’ हा पत्ता गावात पुरतो, कारण गावात ते देऊळ सगळ्यांना ठाऊक असते. पण दहा गावांची पत्रे एकाच पिशवीत आली आणि सगळ्यांवर ‘मारुतीच्या देवळामागे’ एवढेच लिहिले असेल, तर पोस्टमनने काय करावे?

टपालाची थैली

पोस्टमन काय करतो ते पाहू. मुंबईत नागपूरसाठी आलेली पत्रे एकेक करून गाडीत टाकत नाहीत. ती एका थैलीत भरतात, थैलीचे तोंड बांधतात आणि तिच्यावर ‘नागपूर’ अशी चिठ्ठी लावतात. वाटेत इगतपुरीला, भुसावळला, वर्ध्याला कोणीही आतली पत्रे वाचत नाही. ते फक्त चिठ्ठी पाहतात. नागपुरात थैली सुटते आणि आतले पत्ते पुन्हा जिवंत होतात.

हीच आपली युक्ती. आभासी संगणकाने लिहिलेले पाकीट, त्याच्या आतल्या पत्त्यांसकट, यजमान संगणकातला एक प्रोग्राम उचलतो आणि दुसऱ्या मोठ्या पाकिटात घालतो. या प्रोग्रामला आपण टपालकक्ष म्हणू. बाहेरच्या पाकिटावर दोन यजमानांचे पत्ते असतात: कुठून निघाले आणि कुठे उघडायचे. तारा, स्विच, राउटर यांचे खरेखुरे जाळे फक्त बाहेरचे पाकीट पाहते. पलीकडच्या यजमानाचा टपालकक्ष बाहेरचे पाकीट फोडतो आणि आतले पाकीट योग्य त्या आभासी संगणकाच्या हाती देतो.

आता दोन जाळी तयार झाली. खालचे जाळे खऱ्या तारांचे. त्यातला पत्ता ‘कुठे’ हे सांगतो. वरचे जाळे कल्पनेतले; त्यातला पत्ता ‘कोण’ हे सांगतो. खालच्यावर अंथरलेल्या या वरच्या जाळ्याला ओव्हरले नेटवर्क म्हणतात. आभासी संगणक दुसऱ्या यजमानावर गेला तर त्याचा वरचा पत्ता तसाच राहतो. बदलते ती फक्त थैलीवरची चिठ्ठी.

ही थैली बांधण्याच्या पद्धतींपैकी बरीच वापरली जाणारी पद्धत व्हीएक्सलॅन या नावाने ऑगस्ट २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात प्रत्येक थैलीत २४ बिटांचा जाळेक्रमांक असतो. मुलांना हिशोब करायला सांगा: २ चा २४ वा घात म्हणजे ४,०९६ गुणिले ४,०९६, म्हणजे १,६७,७७,२१६. पावणेदोन कोटींच्या जवळपास स्वतंत्र जाळी एकाच तारांवर नांदू शकतात. दोन गावांतल्या मारुतीच्या देवळांचा घोळही मिटतो, कारण थैलीत गावाचा क्रमांक आहे. खालचे जाळे साध्या राउटरांचे असल्यामुळे जादा वाटा बंद ठेवाव्या लागत नाहीत. प्रत्येक संभाषणाच्या थैल्यांवर एक वेगळा आकडा घातला जातो, म्हणजे निरनिराळी संभाषणे निरनिराळ्या वाटांनी जातात आणि एका संभाषणातली पाकिटे मात्र आपला क्रम सोडत नाहीत.

कल्पना व्हीएक्सलॅनच्या आधीचीच आहे. १९९२ साली, एकाच वेळी अनेकांना आवाज आणि चित्र पाठवण्याचा प्रयोग करायचा होता, पण वाटेतल्या राउटरांना ते जमत नव्हते. तेव्हा संशोधकांनी इंटरनेटवर अशाच पाकिटातल्या पाकिटांचे एक जाळे अंथरले, त्याचे नाव एमबोन. इंटरनेट स्वतः तरी काय, सुरुवातीला टेलिफोनच्या भाड्याने घेतलेल्या तारांवर अंथरलेले जाळेच होते.

नोंदवही कोणाकडे?

एक प्रश्न चाणाक्ष विद्यार्थी लगेच विचारेल. टपालकक्षाला कसे कळते, की अमुक आभासी संगणक सध्या कोणत्या यजमानाकडे आहे?

याची तीन उत्तरे आहेत. पहिले, हाक मारा: त्या जाळेक्रमांकाचे सदस्य असलेल्या सगळ्या यजमानांना एकदम विचारा. दुसरे, येणाऱ्या थैल्यांवरून शिका: थैली तिसऱ्या यजमानाकडून आली आणि आतल्या पाकिटावर पाठवणारा म्हणून ‘क’ लिहिले असेल, तर ‘क’ तिसऱ्याकडे आहे हे टिपून ठेवा. तिसरे, नोंदवही ठेवा: कोण कुठे आहे ते एका मध्यवर्ती ठिकाणी लिहा, किंवा प्रत्येक यजमानाने आपल्याकडे कोण आले-गेले ते इतरांना आपणहून कळवावे. लहान जाळ्यात पहिल्या दोन पद्धती पुरतात. मोठ्या जाळ्यात तिसरीला पर्याय नाही.

या नोंदवहीतच सगळ्या युक्तीचा प्राण आहे. पत्ता बदलण्याचे काम संपलेले नाही. ते हजारो पत्रलेखकांकडून काढून एका वहीत आणले आहे, इतकेच. वही शिळी झाली की थैल्या अशा घरी जातात जिथून माणूस उठून गेला आहे.

वर्गात करून पाहा

चार कोपऱ्यांत चार बाके ठेवा. ही यजमान यंत्रे. प्रत्येक बाकावर तीन मुले, म्हणजे आभासी संगणक, आणि एक टपालकक्ष. मधल्या जागेत दोन-तीन मुले राउटर म्हणून उभी करा. मुलांनी लहान पाकिटावर मित्राचे नाव लिहून टपालकक्षाला द्यायचे. टपालकक्षाने ते मोठ्या पाकिटात घालून वर फक्त बाकाचा क्रमांक लिहायचा. राउटरांनी मोठे पाकीटच पाहायचे. फळ्यावर नोंदवही: कोण कोणत्या बाकावर.

खेळ रंगात आला की एका मुलीला गुपचूप दुसऱ्या बाकावर पाठवा आणि फळ्यावरची नोंद बदलू नका. काय होते ते मुलांनाच सांगू द्या. मग नोंद दुरुस्त करा. शेवटी दोन मुलांना एकच नाव द्या आणि पाकिटांना लाल-निळा रंग द्या. जाळेक्रमांक कशासाठी ते समजावून सांगावे लागणार नाही.

आधी कागदावर

प्रत्यक्षात असे जाळे उभारायचे तर यंत्राला हात लावण्याआधी कागद-पेन्सिल घेऊन बसावे लागते. एक छोटे उदाहरण घेऊ. एका महाविद्यालयात तीन इमारती आहेत आणि प्रत्येक इमारतीत एक यजमान संगणक. त्यांच्यावर परीक्षा विभाग, ग्रंथालय आणि विद्यार्थ्यांचा सराव अशा तीन कामांचे आभासी संगणक ठेवायचे आहेत.

पहिला प्रश्न तंत्राचा नाही, माणसांचा आहे: कोणी कोणाशी बोलायचे आणि कोणी बोलायचे नाही? तीन कामे, तीन जाळी. त्यांना ५००१, ५००२, ५००३ असे क्रमांक देऊ.

दुसरे, खालचे जाळे. यजमानांना १०.२०.१.११, १०.२०.२.११ आणि १०.२०.३.११ असे पत्ते देऊ. हे तिघे एकमेकांपर्यंत पोचतात ना, ते आधी तपासायचे. वरचे जाळे खालच्यापेक्षा कधीही अधिक भरवशाचे होऊ शकत नाही.

तिसरे, वरचे पत्ते. सराव आणि ग्रंथालय यांचा परस्परांशी संबंध नाही, दोघांनी १९२.१६८.१० ने सुरू होणारे तेच पत्ते वापरले तरी चालेल. पण परीक्षेच्या प्रवेशपत्राआधी ग्रंथालयाचा ना-देय दाखला तपासायचा असेल, तर परीक्षा आणि ग्रंथालय यांना कधी ना कधी बोलावे लागणार. म्हणून त्यांचे पत्ते आजच वेगळे ठेवायचे. पुढे दोन जाळी जोडायची वेळ आली आणि दोघांत एकच पत्ता निघाला, तर सगळे पत्ते नव्याने देत बसावे लागते.

चौथे, दरवाजा. वरच्या जाळ्यातून बाहेरच्या जगात जायची वाट कोणती आणि तिथे राखणदार कोण? परीक्षा विभागाला एकच दरवाजा असावा.

पाचवे, पाकिटाचा आकार. हा मुद्दा यादीत शेवटी येतो, आणि म्हणूनच विसरला जातो.

हरवणारी मोठी पत्रे

आम्हीही विसरलो होतो. काही वर्षांपूर्वी आमच्या प्रयोगशाळेतले संगणक आम्ही अशा जाळ्यावर नेले. सुरुवातीला सगळे छान वाटले. एका संगणकाने दुसऱ्याला हाक मारली, उत्तर आले. प्रवेशाचे पान उघडले, परवलीचा शब्द स्वीकारला गेला. पण मोजमापांची यादी मागितली, की पडदा गोठायचा. चूक झाल्याचा निरोप नाही, काही नाही; नुसती वाट पाहायची. दोन दिवस आम्ही त्या प्रोग्रामला दोष दिला. मग एका तरुण सहकाऱ्याने साधा प्रश्न विचारला: जे पोचते ते सगळे लहान आहे का?

मग आम्ही मोजू लागलो. ‘वाटेत तुकडे करू नका’ अशी सूचना देऊन चाचणीची पाकिटे पाठवली आणि त्यांतला मजकूर एकेक बाइटने वाढवत नेला. १,४२२ बाइट पोचले. १,४२३ पोचले नाहीत. पुन्हा केले, पुन्हा तेच. चाचणीच्या पाकिटावर पत्ते वगैरेंचे २८ बाइट असतात. १,४२२ आणि २८ मिळून १,४५०. इथरनेटच्या पाकिटात मजकूर मावतो १,५०० बाइट. मग उरलेले ५० कुठे गेले?

ते थैलीने खाल्ले होते. आतल्या पाकिटाचे इथरनेटचे आवरण १४ बाइट, जाळेक्रमांकाची चिठ्ठी ८, यूडीपी नावाचे आवरण ८ आणि बाहेरचा आयपी पत्ता २०. बेरीज ५०. आभासी संगणकाला थैलीची कल्पनाच नसते. तो १,५०० बाइटचे भरगच्च पाकीट बांधतो. थैलीत घातल्यावर ते १,५५० होते आणि खालच्या जाळ्याच्या फटीतून जात नाही. लहान पत्रे पोचतात, मोठी निमूटपणे हरवतात. उपाय दोनच: आभासी संगणकांना १,४५० ची मर्यादा सांगायची, नाही तर खालच्या जाळ्यातल्या प्रत्येक यंत्राची फट १,५५० पेक्षा मोठी करायची. त्यातले एक जरी यंत्र राहून गेले तरी आजार कायम. आम्ही पहिला उपाय केला आणि यादी क्षणात उघडली.

ती यादी मोजमापांची होती, म्हणून दोन दिवसांवर निभावले. निकालाच्या दिवशी गुणपत्रकांची असती तर?

वेगळे म्हणजे सुरक्षित नव्हे

शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. टपालाची थैली निदान बांधून मोहोरबंद केलेली असते. व्हीएक्सलॅनची थैली उघडी असते. आतला मजकूर गुप्त करण्याची किंवा पाठवणारा खरा आहे की तोतया हे पडताळण्याची काहीही सोय तिच्यात नाही. खालच्या जाळ्यात ज्याचा हात पोचतो तो थैलीत डोकावू शकतो, आणि ५००१ क्रमांकाची खोटी थैली बनवून परीक्षा विभागात टाकूही शकतो. वरून पाहता तीन जाळी काचेच्या भिंतींनी वेगळी दिसतात. खाली मात्र एकच तार आहे. म्हणून यजमानांचे खालचे जाळे इतरांपासून राखून ठेवावे लागते आणि नाजूक माहिती आयपीसेक किंवा वायरगार्डसारख्या पद्धतीने कुलूपबंद करूनच पाठवावी लागते.

‘एक वाट बंद पडली तर दुसरी असावी’ म्हणून वरच्या जाळ्यात दोन वाटा आखल्या, तरी त्या दोन्ही खाली एकाच केबलमधून जात असतील, तर रस्ता खणणाऱ्या यंत्राचा एक दात दोन्ही तोडतो. हे वरच्या नकाशात दिसत नाही. खालचा नकाशाही उघडून पाहणारे माणूस लागते. आपली गुणपत्रके, पगारपत्रके, दवाखान्यातल्या नोंदी आता अशाच यंत्रांवर राहतात. ती सांभाळणाऱ्याला ‘आमची माहिती वेगळी ठेवली आहे का?’ एवढेच विचारून भागत नाही. ‘ती वेगळी कुठे ठेवली आहे, वर की खालीही?’ हे विचारावे लागते.

जाता जाता वर्गासाठी एक प्रश्न. ०२३१ ने सुरू होणारा दूरध्वनी क्रमांक पाहिला की तो कोल्हापूरचा हे कळते. मोबाइलचा क्रमांक पाहून माणूस सध्या कुठल्या गावात आहे ते कळत नाही, आणि २०११ पासून तो कोणत्या कंपनीचा गिऱ्हाईक आहे तेही नक्की सांगता येत नाही, कारण क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलता येते. तरीही फोन लागतो. मग ‘कोण’ आणि ‘कुठे’ यांची सांगड घालणारी ती नोंदवही कोणाकडे असेल? आणि तुमचा फोन एसटीत बसून गावोगाव जातो तेव्हा त्या वहीत कोण लिहीत असेल? मुलांना आठवडाभर विचार करू द्या.